नदीकाठचा प्लॉट, पूररेषा आणि हरकतीचे ३० दिवस: कुठं बघायचं, काय लिहायचं

नगरपरिषदेच्या समोर माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. मराठवाड्यातलं नदीकाठचं तालुक्याचं गाव, नाव सांगत नाही कारण उद्या परत दुकान उघडायचंय. पाणी घरात शिरलं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लोक येतात, अर्ज टाइप करून द्या, पंचनामा झाला नाही, अनुदान आलं नाही, नाल्याला भिंत बांधा. २०२१ च्या सप्टेंबरात गुलाब वादळाच्या पावसानं मांजरा धरणाचे सगळे दरवाजे उघडावे लागले तेव्हा असे अर्ज टाइप करून बोटं दुखली होती आणि २०२५ च्या सप्टेंबरात तर दुकानातला कागदच संपला. पण गावाचा विकास आराखडा, म्हणजे कुठं घरं, कुठं रस्ता, कुठं मोकळी जागा हे ठरवणारा नकाशा, जाहीर झाला, ३० दिवस हरकती मागवल्या, तेव्हा माझ्याकडं हरकती टाइप करायला आले एकूण चौदा जण, त्यातले तेरा "रस्ता माझ्या घरावरून नेऊ नका" वाले आणि नाल्याबद्दल फक्त एक. नदीकाठच्या जमिनीचं जे ठरतं ते त्या ३० दिवसात ठरतं हो, पूर आल्यावर जे लिहितो ते सगळं मदतीसाठीचं असतं. म्हणून म्हटलं जे समोर बसून बसून समजलं ते एकदा लिहून टाकावं.

आधी एक साधं. प्लॉट मे महिन्यात बघू नका. एजंट लोक मे मधेच नेतात कारण तेव्हा नाला म्हणजे चार बाभळी, दोन शेळ्या आणि प्लास्टिक, पाण्याचा पत्ता नसतो. आपला भागच तसा, २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, त्यामुळं पूररेषा म्हटलं की माणूस हसतोच, प्यायला पाणी नाही अन् तुम्ही पुराचं काय घेऊन बसलात. पण कोरड्या नदीचंच पात्र खाता येतं, भरलेल्या नदीत मुरूम टाकायला कोण जातंय. बीडची बिंदुसरा बघा, वर्षातले कितीतरी महिने तिच्याकडं कुणी ढुंकून बघत नाही, तीच जुलै १९८९ मध्ये शहरात घुसली आणि माणसं गेली.

निळी रेषा, लाल रेषा म्हणजे काय

ह्या रेषा आखायचं काम जलसंपदा विभागाचं, आपण ज्याला पाटबंधारे म्हणतो ते. १९८९ च्या परिपत्रकापासून ही पद्धत आहे. निळी रेषा म्हणजे सरासरी २५ वर्षात एकदा येईल एवढा पूर, किंवा नदीचं पात्र काठोकाठ भरून जेवढं पाणी वाहू शकतं त्याच्या दीडपट, ह्या दोन्हीत जे जास्त ते. लाल रेषा म्हणजे १०० वर्षात एकदा येणारा पूर. नदीपासून निळ्या रेषेपर्यंतचा पट्टा निषेधक, तिथं घर बांधायचं नाही. निळ्या आणि लाल रेषेच्या मधला पट्टा नियंत्रक, तिथं बांधता येतं पण अट घालून.

आता ह्या "२५ वर्षात एकदा" मुळं लई घोळ होतो. लोकांना वाटतं २०२१ ला येऊन गेला ना, आता २०४६ पर्यंत निवांत. तसं नसतंय. त्याचा अर्थ दर वर्षी १०० मधे ४ शक्यता, मागच्या वर्षी आला तरी ह्या वर्षी परत तेवढीच. बँकेचं २० वर्षांचं कर्ज काढून निळ्या रेषेवर घर घेतलं तर कर्ज फिटायच्या आत एकदा तरी तेवढं पाणी यायची शक्यता ५६ टक्के होते, कॅल्क्युलेटरवर ०.९६ ला २० वेळा गुणा आणि एकातून वजा करा, तुमचं तुम्हालाच दिसेल. लाल रेषेवर ३० वर्ष राहिलात तर २६ टक्के. मी हे एका गिऱ्हाईकाला करून दाखवलं तर तो म्हणला मग निम्मी निम्मी शक्यता आहे ना, चला घेऊन टाकू. घेतला पण.

डिसेंबर २०२० मध्ये राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आली, मुंबई आणि काही प्राधिकरणं सोडली तर सगळीकडं तीच लागू. त्यात निळ्या रेषेच्या आत काय चालतं ते लिहिलंय, बाग, मैदान, पार्किंग, ओट्यावरचा उघडा भाजीबाजार, स्मशानभूमी, सांडपाण्याचा प्रकल्प असलं. निळी ते लाल मधे बांधायचं तर जोतं (प्लिंथ) लाल पातळीच्या, म्हणजे लाल रेषेचा पूर जिथवर चढतो त्याच्या, ०.४५ मीटर वर, म्हणजे दीड फूट. इथं नीट लक्ष द्या, लाल पातळीच्या वर म्हणलंय, रस्त्याच्या वर नाही. बिल्डर छाती ठोकून सांगतो आपण प्लिंथ तीन फूट घेतलंय, पण तीन फूट कशापासून हो? समजा तुमच्या प्लॉटची जमीन समुद्रसपाटीपासून ५१०.१० मीटरवर आहे आणि तिथली लाल पातळी ५१२.४० आहे, तर जोतं ५१२.८५ ला पाहिजे, म्हणजे जमिनीपासून पावणेतीन मीटर, नऊ फूट. तीन फुटाच्या प्लिंथवाल्या घरात साडेचार फूट पाणी उभं राहील आणि कागदावर सगळं नियमात दिसेल, जर कुणी आकडे विचारले नाहीत तर.

आणि जिथं रेषाच आखलेली नाही? आपल्याकडं छोट्या गावात, नाल्यांवर, बहुतेक हेच असतं. तिथं नियमावलीतलं नदीपासून १५ मीटर सोडायचं अंतर बघायचं, नाल्याला त्याहून कमी अंतर आहे, पण आहे. पूर्वी राज्यात नदी नियमन क्षेत्राचं धोरण होतं कारखान्यांसाठी, ते २०१५ मध्ये गुंडाळलं, त्यामुळं आता कुणी तुम्हाला "नदीपासून अमुक किलोमीटर काही चालत नाही" असं सांगत असेल तर तो जुन्या काळात आहे.

कोण ठरवतं

पूर आल्यावर सगळे एकमेकांकडं बोट दाखवतात म्हणून हे आधीच डोक्यात ठेवा. रेषा पाटबंधारेचा कार्यकारी अभियंता आखून देतो. ती रेषा विकास आराखड्यावर घ्यायची की नाही, कशी घ्यायची, हे नगरपरिषद किंवा महापालिका बघते, नगररचना खातं तांत्रिक बाजू बघतं, शेवटची मंजुरी शासनाकडून येते. बांधकाम परवाना नगरपरिषद देते. आराखड्याच्या हद्दीबाहेर असाल तर प्रादेशिक योजना असली तर ती, नाहीतर जिल्हाधिकारी आणि नगररचनाचं जिल्हा कार्यालय. धरणातून किती पाणी सोडायचं हे परत पाटबंधारे. आपत्ती व्यवस्थापन जिल्हाधिकाऱ्याकडं, २००५ च्या कायद्यानं जिल्हा प्राधिकरणाचे ते अध्यक्ष असतात.

कधीकधी तर ठरवणारा आपल्या राज्यातलाही नसतो. धर्माबाद, बिलोलीकडं गोदावरीचं पाणी चढतं ते खाली तेलंगणातल्या पोचमपाड धरणाच्या फुगवट्यानं पण चढतं आणि बाभळी बंधाऱ्याचे दरवाजे १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडे ठेवायचे हे २०१३ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानं बांधून दिलेलं आहे. तिथल्या माणसानं नगरपरिषदेत भिंत मागून काय होणार. म्हणून अर्ज लिहायच्या आधी टेबल कोणतं ते ठरवा, निम्मे अर्ज चुकीच्या टेबलावर पडून राहतात आणि त्यांना वाळवी खाते.

आपला प्लॉट कुठं आहे हे बघायची पद्धत

सातबारा सगळे बघतात, सातबाऱ्यावर पूररेषा नसते. पण एक गोष्ट असते, पोटखराबा, म्हणजे लागवडीला न येणारं क्षेत्र. पोटखराब ब मध्ये नाला, रस्ता असलं सार्वजनिक वापराचं क्षेत्र धरतात, तेव्हा गटात चार-पाच गुंठे पोटखराब ब असेल तर विचारा नाला कुठं गेला. जागेवर दिसत नसेल तर बुजवलाय, दुसरं काही नाही. मग गावनकाशा काढा भूमी अभिलेखमधून, जुना, त्यात नाला दिसतो आणि त्याची रुंदी स्केलनं मोजता येते. मराठवाड्यात निजामाच्या वेळचे आणि नंतर १९५४ च्या खासरा पाहणीचे कागद पण कामाला येतात, माझ्याकडं एकानं खासरा पत्रक आणलं झेरॉक्सला, त्यात ज्या सर्वे नंबरला नाला लिहिला होता तिथं आज मंगल कार्यालय आहे. मालकाला माहीत असेल का? असेल, जोत्याखालून पाइप टाकलेत त्यानं.

त्यानंतर नगरपरिषदेतून झोन दाखला आणि भाग नकाशा. झोन दाखल्यात लिहिलेलं असतं जमीन रहिवास विभागात आहे, हरित आहे की काय. तिथं पूररेषेचा उल्लेख असला तर असतो, नसला म्हणजे रेषेबाहेर आहात असं अजिबात समजू नका, नकाशा आलाच नसेल पाटबंधारेकडून. गुंठेवारीवाल्यांना, म्हणजे मंजुरीशिवाय गुंठ्या-गुंठ्यानं पाडलेले प्लॉट घेणाऱ्यांना, पण सांगतो, २००१ चा कायदा आणि नंतर २०२१ ची दुरुस्ती ह्यामुळं ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं नियमित करायला मार्ग झाला खरा, पण प्रमाणपत्र हातात आलं म्हणून नाल्याचं पाणी वळसा घालून जात नाही, प्लॉट घेताना गुंठेवारीचा कागद आणि पूररेषा दोन्ही वेगवेगळं बघा.

मोबाईलवर गूगल अर्थमध्ये जुनी वर्षं मागं सरकवून बघता येतात, ते करा, पात्र किती आवळत गेलंय ते दिसतं. आणि सगळ्यात भारी म्हणजे जुन्या माणसाला विचारा, पण नीट विचारा. "पूर आला होता का" असं विचारलं की "लई मोठा" एवढंच उत्तर येतं. "पाणी कोणत्या पायरीला लागलं होतं, मारुतीच्या का पाराच्या" असं विचारा. मग उठून दाखवायला येतात, आणि ती पायरी टेपनं मोजता येते.

पैठण, गंगाखेड, नांदेड असल्या गोदाकाठच्या गावात अजून एक प्रश्न विचारायचा. जायकवाडीचे २७ दरवाजे आहेत, २००६ च्या ऑगस्टमध्ये तिथून एवढं पाणी सोडावं लागलं की पैठणात घरं बुडाली आणि खाली नांदेडलाही पाणी शिरलं. तर पाटबंधारेला विचारायचं, किती क्युसेक सोडल्यावर पाणी आमच्या गल्लीत येतं? बातमीत "दीड लाख क्युसेक विसर्ग" ऐकून माणूस नुसता घाबरतो, पण आपल्या गल्लीचा आकडा माहीत असला तर सामान कधी वर चढवायचं ते कळतं. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर.

माहितीचा अधिकार लावायचा तर असा लावा

दहा रुपयाचं कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, १५० शब्दांच्या आत, महाराष्ट्राचा नियम आहे तो, जास्त लिहिलं की परत करतात. लोक माझ्याकडं तीन पानी आणतात, सरपंचाच्या भावापासून सुरुवात. मी सगळं कापतो आणि पाटबंधारेच्या नावानं एवढंच टाकतो:

"अमुक नदीच्या अमुक शहर हद्दीतील निळ्या व लाल पूररेषेच्या नकाशाची प्रत. रेषा आखताना धरलेला विसर्ग व सर्वेक्षणाचे वर्ष. गट क्रमांक अमुक लगतच्या छेदाची निळी व लाल पातळी मीटरमध्ये. सदर नकाशा नगरपरिषदेस पाठविल्याच्या पत्राची प्रत."

छेद म्हणजे नदीच्या पात्राचं आडवं माप जिथं घेतलं ती जागा. ह्यात "का" हा शब्द कुठं नाही बघा. का केलं नाही असं विचारलं की उत्तर येतं, प्रश्नार्थक माहिती देता येत नाही. आणि शेवटची ओळ सोडू नका, मला तर तीच खरी वाटते, कारण कितीतरी वेळा नकाशा पाटबंधारेच्या कपाटात असतो आणि नगरपरिषद म्हणते आम्हाला आलाच नाही. पत्राची तारीख हातात आली की हे बंद होतं. ३० दिवसात उत्तर नाही आलं तर पुढच्या ३० दिवसात पहिलं अपील, ते फुकट नसतं, २० रुपयाचं स्टॅम्प लागतं. त्यावरही समाधान नाही झालं तर माहिती आयोगाचं खंडपीठ संभाजीनगरलाच आहे, मुंबईला जायचं काम नाही.

एक अजून शॉर्टकट आहे जो फार कुणाला माहीत नाही. २०१८ च्या शासन निर्णयानं जिल्हा स्तरावरच्या आणि स्थानिक संस्थांच्या ऑफिसात दर सोमवारी दुपारी ३ ते ५ अभिलेख बघू द्यायचे असं ठरलंय. मी स्वतः एका ऑफिसात हे सांगितलं तर बाबू म्हणला असं काही नसतं, मग त्या शासन निर्णयाची झेरॉक्स माझीच, मीच पुढं केली. चहा पाजला त्यानं.

३० दिवस

आता मुद्द्याचं. प्रारूप विकास आराखडा तयार झाला की महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ च्या कलम २६ प्रमाणं जाहीर करावा लागतो आणि ३० दिवस हरकती-सूचना घेतात. संभाजीनगरचा सुधारित आराखडा २०२४ ला असाच निघाला होता. वर्तमानपत्रात जाहिरात येते, कोपऱ्यात, बारीक अक्षरात, आणि नकाशा ऑफिसात लावतात. पहिल्या आठवड्यातच जा. शेवटच्या आठवड्यात नकाशासमोर एवढी गर्दी होते की रंग पण दिसत नाही.

नकाशावर बघायचं काय? नाला निळ्या पट्ट्यानं दाखवलाय का आणि गावनकाशावर जेवढा रुंद आहे तेवढाच आहे का. पूररेषा घेतल्यात का. रेषेच्या आत पिवळा रंग, म्हणजे रहिवास, कुठं कुठं आलाय. शाळा, दवाखाना, बस स्टँड असलं आरक्षण रेषेत टाकलंय का, कारण स्वस्तात मिळते म्हणून सार्वजनिक इमारतींना हमखास खोलगट जागा देतात, आणि पुरात लोकांना हलवायचं तर त्याच शाळेत हलवायचं असतं.

हरकत लिहिताना भाषण नको. "नदी आमची माता आहे" नको. असं लिहा: "मौजे अमुक गट क्रमांक अमुक लगतच्या नाल्याची गावनकाशावरील रुंदी अमुक मीटर असून प्रारूप आराखड्यात अमुक मीटर दर्शविली आहे. सन २०२१ च्या पुरात या ठिकाणी जमिनीपासून अमुक फूट पाणी होते, छायाचित्र सोबत जोडले आहे. नाला मूळ रुंदीने दर्शवावा व लगतचा पट्टा रहिवास विभागातून वगळून खुल्या वापरात ठेवावा." प्रत दोन काढायची, एकीवर आवकचा शिक्का आणि नंबर घ्यायचा, शिक्का नसलेली पोच म्हणजे पोच नव्हे. मोबाईल नंबर ठळक लिहायचा कारण सुनावणीचं पत्र टपालानं येतं आणि सुनावणी झाल्यावर येतं.

सुनावणी नियोजन समितीपुढं होते, नगरपरिषदेचे लोक आणि बाहेरचे तज्ज्ञ असे मिळून. आमच्या गावातली ती एकच नाल्याची हरकत होती ना, ती एका मावशींची. त्यांचा नंबर आला तेव्हा दुपार झालेली, साहेब लोक कंटाळलेले, प्रत्येकाला दोन मिनिटं. मावशींनी एकच फोटो पुढं ठेवला, घराच्या ओसरीतल्या भिंतीचा. २०२१ च्या पुरानंतर लाइटवाल्यांनी मीटर वर सरकवून बसवलं होतं, तर जुन्या मीटरच्या फळीचे चार खिळ्यांचे भोकं खाली दिसत होते आणि त्या भोकांच्याही एक वीत वर गाळाची तपकिरी रेघ, चुना दोनदा मारला तरी वर आलेली. समितीतल्या एकानं विचारलं, जमिनीपासून किती? मावशी म्हणल्या, साडेचार फूट साहेब, टेपनं मोजलंय, अन् आमची ओसरी रोडपासून दोन फूट उंच आहे ते वेगळं. तो माणूस पहिल्यांदा खुर्चीत सरळ बसला आणि नकाशा मागवला. बाकी तेरा जणांच्या वेळी नकाशा मागवला नव्हता.

आता दुसरी बाजू पण आहे आणि ती नाकारून चालत नाही. ज्याची जमीन रेषेत जाते त्याचं नुकसान होतं, आयुष्याची कमाई असते कुणाची. माझ्या चुलत्यांचाच अर्धा प्लॉट निळ्या रेषेत गेला, नाना चार दिवस जेवले नाहीत. अशा माणसानं "रेषा काढून टाका" अशी हरकत घेऊन उपयोग नाही, कुणी काढत नाही आणि काढली तरी पाणी यायचं ते येतंच. त्यानं सर्वेक्षण कधीचं, छेद किती अंतरावर घेतलेत, आपल्या प्लॉटची पातळी प्रत्यक्ष मोजली का हे मागावं, आणि नियमावलीत एक सोय आहे ती धरावी, प्लॉट बांधकामायोग्य विभागात असून त्याचा काही भाग निळ्या रेषेत असेल तर त्या भागाचा एफएसआय, म्हणजे जागेच्या मानानं जेवढं बांधकाम करता येतं ते, उरलेल्या भागावर वापरता येतो. नानांनी तेच केलं, मागं बाग, पुढं एक मजला जास्त. रेषेतलं जुनं अधिकृत घर असेल तर पुनर्बांधणीला पण वाट आहे, जोतं लाल पातळीच्या वर घेऊन.

आणि मग त्याच कायद्याचं कलम ३७. आराखडा एकदा मंजूर झाला की लोक निर्धास्त होतात, पण त्यात फेरबदल करायला हे कलम आहे, एखादा गट हरित मधून रहिवास मध्ये घ्यायचा असला तर हेच वापरतात. ह्यालाही जाहिरात आणि महिन्याची हरकतीची मुदत लागते, पण अख्ख्या गावाच्या आराखड्याची जशी बोंब होते तशी एका गटाच्या फेरबदलाची होत नाही. सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेत विषय नंबर २७, "मौजे अमुक येथील गट क्रमांक अमुक बाबत फेरबदल प्रस्तावावर निर्णय घेणे", बस एवढंच असतं, आणि तेवढ्यात मंजूर मंजूर होऊन जेवायला जातात. २०२२ नंतर तर कितीतरी ठिकाणी नगरसेवकच नव्हते, प्रशासकच सभा आणि प्रशासकच ठराव. म्हणून विषयपत्रिका दर महिन्याला मागायची, नगरसेवकाला व्हॉट्सअपवर मागा, देतो तो, मत पाहिजे त्याला. आणि गट नंबर पाठ पाहिजेत, नदीकाठचे सगळे. मी एका वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून काउंटरच्या काचेखाली ठेवलेत.

भिंत मागायच्या आधी

पूर आला की पहिली मागणी भिंत. संरक्षक भिंत झाली की नेत्याचं नाव लागतं, फोटो निघतो. मी भिंतीच्या विरोधात नाही, काठ खचत असेल, वस्ती जुनी असेल तर पाहिजेच. पण निविदा निघायच्या आधी चार गोष्टी विचारा. भिंतीच्या ह्या बाजूला पडलेलं पावसाचं पाणी नदीत जाणार कुठून, नाल्यांच्या तोंडाला झडपा आहेत का, कारण नदी फुगली की तेच नाले उलटे वाहतात आणि पाणी भिंतीच्या मागून घरात येतं, नांदेडात गोदावरी चढली की नाल्यातून पाणी मागं येतं हे तिथल्या लोकांना सांगायला नको. समोरच्या काठाचं काय, पात्र आवळलं की पाणी पलीकडं चढतं. भिंत निळ्या रेषेवर घेताय की पात्रात. आणि खाली जो पूल किंवा बंधारा आहे त्याच्या मोऱ्यातून तेवढं पाणी जातं का. कोल्हापुरी बंधाऱ्याचे लोखंडी बर्गे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, पावसाळ्याआधी काढायचे असतात, ते गंजून अडकतात किंवा काढलेच जात नाहीत, झाडं वाहून येऊन अडकतात आणि वर तुंबतं. लाखोंची भिंत मागायच्या आधी जून लागायच्या आत बर्गे निघाले का ते बघून या, ग्रामपंचायतीला किंवा जलसंधारणला एक अर्ज, बास.

सुशोभीकरणाचं पण तेच. घाट, पायऱ्या, बाग हे बुडून परत वर येतं, नांदेडला २००८ च्या गुरु-ता-गद्दी ह्या शिखांच्या सोहळ्याच्या वेळी घाट झाले ते पाण्यात जातात आणि परत दिसतात. संभाजीनगरला खाम नदीवर महापालिका आणि छावणी परिषदेनं कचरा काढून काठ मोकळे केले, ते बघण्यासारखं आहे, आपल्या नगरसेवकाला घेऊन जा एकदा. पण सुशोभीकरणाच्या नकाशात हॉल, फूड कोर्ट, दुकानाचे गाळे दिसले की थांबवून विचारा निळी रेषा कुठं आहे.

खेड्यात असाल तर

ग्रामसभा वर्षातून किमान चार व्हायला पाहिजेत. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत पुराचा विषय घेऊन उपयोग नाही, पाऊस अर्धा झालेला असतो, २६ जानेवारी किंवा १ मे ची धरा. ठरावात काम नेमकं पाहिजे, "नाला खोलीकरण करावे" असं नाही तर "गट क्रमांक अमुक ते अमुक दरम्यान बुजवलेला नाला मोजणी करून खुला करावा" असं. मोजणीचा अर्ज ग्रामपंचायत स्वतः भूमी अभिलेखला करू शकते. ठरावाची नक्कल तिथंच मागा, महिन्यानं मागितली की ठरावातले शब्द बदललेले असतात, मी बघितलंय.

धरणाच्या फुगवट्याखालचं गाव असेल तर गोष्ट वेगळी, तिथं पुनर्वसनाचा कागद पुढं सरकवणं हेच पूर संरक्षण. ऑगस्ट २०२५ ला मुखेड तालुक्यात लेंडी प्रकल्पाच्या भागात हसनाळला रात्रीतून पाणी भरलं आणि माणसं गेली. तिथं कुणाला निळी रेषा समजावून सांगणार. अशा गावांनी पावसाळ्याआधी जिल्हाधिकारी आणि प्रकल्पाच्या अभियंत्याला लेखी विचारावं, ह्या वर्षी पाणी किती पातळीपर्यंत साठवणार आणि त्या पातळीला गावातली किती घरं येतात, आणि उत्तर गावात मोठ्यानं वाचून दाखवावं.

कुणी नाल्यात भराव टाकत असेल तर ट्रॅक्टर उभा असतानाच फोटो काढा, तारीख आणि लोकेशन दिसेल असा, नंतर सपाट झालेल्या जमिनीचा फोटो काही सांगत नाही. अर्ज मुख्याधिकाऱ्याला, एक प्रत तहसीलदाराला, कारण नदी-नाल्याचं पात्र सरकारचं असतं, महसूलचं काम आहे ते. नगररचना कायद्याचं कलम ५३ अनधिकृत कामाला नोटीस द्यायचं, त्याचा उल्लेख करा, आकडा दिसला की फाइल हलते. पंधरा दिवसात काही नाही झालं तर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकाऱ्याचा लोकशाही दिन. नाव पुढं यायचं नसेल तर चार-पाच जणांनी मिळून सह्या करा, एकट्यानं करू नका, गाव आपलंच आहे.

मावशींच्या हरकतीचं उत्तर आलं, "अंशतः मान्य". नाल्याची रुंदी पहिल्यासारखी दाखवली आणि त्यांच्या बाजूचा पट्टा हिरवा झाला, वरच्या अंगाला जो ले-आउट पडलाय तो मात्र पिवळाच राहिला, त्याबद्दल आता कलम ३७ ची वाट न बघता परत काहीतरी करावं लागेल. मंजूर नकाशाची प्रत लोक माझ्याकडं झेरॉक्सला आणतात. एवढा मोठा कागद माझ्या मशीनमधून निघत नाही, ए-थ्रीचे सहा तुकडे काढून देतो आणि घरी जाऊन जोडा म्हणतो. नाला बरोबर तिसऱ्या आणि चौथ्या तुकड्याच्या जोडावर येतो, तेव्हा चिकटवताना कडा एकमेकांवर चढवू नका, तेवढ्यातच तो अर्धा होतो.